शहर कृष्णेकाठी, पूर मात्र बुडमेरूचा

१ सप्टेंबर २०२४, रविवार. आदल्या दिवशी कोसळलेल्या पावसानंतर विजयवाड्याच्या सिंगनगर, पायकापुरम या भागांत पाणी शिरलं आणि बघता बघता तळमजले बुडाले. गच्च्यांवर अडकलेल्या माणसांना बोटींतून, हेलिकॉप्टरमधून अन्नपाणी पोचवावं लागलं. त्याच वेळी कृष्णेलाही महापूर होता. शहरालगतच्या प्रकाशम बॅरेजमधून ११ लाख क्युसेकहून जास्त पाणी गेलं, तिथल्या नोंदींतला हा उच्चांक. (क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी.) दूरदूरच्या लोकांनी बातम्यांत ते बॅरेज पाहिलं आणि समजूत करून घेतली, की कृष्णेनं विजयवाडा बुडवलं.

कृष्णेनं काठच्या काही वस्त्यांना तडाखा दिलाच. पण शहराचा मोठा भाग पाण्याखाली घातला तो एका लहानशा नदीनं, बुडमेरूनं. वर्षातले कित्येक महिने ती पात्राच्या तळाशी कशीबशी वाहते. तिची ओळख मात्र ‘विजयवाड्याचं दुःख’ अशीच आहे.

पाणी शहरात आलं कसं, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. माझ्या मते त्याच्याइतकाच मोठा दुसरा प्रश्न मागे राहिला: आलेलं पाणी लवकर गेलं का नाही? पाऊस ओसरल्यावरही काही वस्त्यांमध्ये ते दिवसचे दिवस का तुंबून राहिलं? त्याचं उत्तर शोधायला नदीच्या दुसऱ्या टोकाला, कोल्लेरू सरोवरापाशी जावं लागतं.

उगमापासून सरोवरापर्यंत

तेलुगूत ‘एरू’ म्हणजे ओढा, नदी. बुडमेरू, तम्मिलेरू, उप्पुटेरू ही सगळी त्याच घरातली नावं. त्यातलं ‘उप्पु’ म्हणजे मीठ. उप्पुटेरू ही खाऱ्या पाण्याची नदी. तिच्याकडे पुढे यावंच लागेल.

बुडमेरू विजयवाड्याच्या वायव्येला मैलवरमच्या बाजूच्या टेकड्यांत जन्मते. तिथून खाली येताना वेलगलेरू इथे तिच्यावर दरवाजे आहेत. पुढे ती विजयवाड्याच्या अंगाने जाते, एनिकेपाडूजवळ एलुरू कालव्याच्या खालून भुयारी मार्गाने पलीकडे निघते आणि सपाट भातखाचरांतून कोल्लेरूला मिळते. लहान नदी, शेवटी मोठं सरोवर. नकाशावर इतकी साधी दिसणारी रेघ क्वचितच सापडेल.

गोम आहे ती उतारात. टेकड्यांमध्ये उतार चांगला आहे, त्यामुळे पावसाचं पाणी झपाट्याने खाली येतं. शहराशी पोचेपर्यंत तो उतार जवळजवळ संपलेला असतो. विजयवाड्याचा सखल भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-बारा मीटर उंच, आणि कोल्लेरू त्याच्या पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर, समुद्रसपाटीच्या मीटर-दोन मीटर वर. भागाकार केला तर दर किलोमीटरला वीतभर उतार पडतो. फरशीवर सांडलेलं पाणी मोरीकडे जायचं की कोपऱ्यात साचायचं या विचारात पडावं, तशीच इथे नदीची गत होते.

वर घसरगुंडी आणि खाली सपाट अंगण. घसरगुंडीवरून एकामागून एक मुलं येत राहिली आणि खालची उठून बाजूला झाली नाहीत, तर पायथ्याशी ढीग होणारच. विजयवाडा बरोबर त्या पायथ्याशी आहे.

फुगवटा म्हणजे काय

हा शब्द सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. अलमट्टीच्या फुगवट्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे. बाकीच्यांसाठी एका वाक्यात सांगायचं तर, पुढचं पाणी उंच असलं की मागचं पाणी अडून वर चढतं, तो फुगवटा. नरसोबाच्या वाडीला कृष्णा भरून वाहत असेल तर पंचगंगेला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही आणि पंचगंगेचं पाणी मागे गावांमध्ये पसरतं. त्यासाठी मध्ये भिंत लागत नाही. समोरच्या पाण्याची उंचीच भिंतीचं काम करते.

सरोवराला मिळणाऱ्या नदीचं असंच असतं. नदी कितीही जोरात आली तरी तिला शेवटी सरोवराच्या पातळीशी जुळवून घ्यावं लागतं. सरोवर रिकामं असेल तर ती धावत जाऊन त्यात पडते. भरलेलं असेल तर शेवटच्या काही किलोमीटरांत तिचा वेग मरतो. वेग मेला की पाण्यासोबत आलेला गाळ खाली बसतो. गाळ बसला की पात्र उथळ होतं, आणि पुढच्या पुराला आधीपेक्षाही कमी जागा उरते. त्यात जलपर्णीची गर्दी झाली तर बघायलाच नको. म्हणून सपाट प्रदेशात सरोवराला मिळणाऱ्या नद्या मुखाशी फाटे फोडतात, पसरतात, मूळ पात्र सोडून दुसरीकडे सरकतात. त्यांना पसरायला जागा असेल तोवर यात कुणाचंच नुकसान नसतं.

पण सरोवर तर शहरापासून पन्नास किलोमीटर दूर आहे!

ही शंका अगदी रास्त आहे, आणि तिला सरळ उत्तर द्यायला हवं. कोल्लेरूची पातळी दीड-दोन मीटरने चढली, तर वीतभर उताराच्या हिशेबाने तिचा थेट फुगवटा सात-दहा किलोमीटर मागे येईल. सिंगनगरपर्यंत तो पोचत नाही. ‘कोल्लेरू भरलं म्हणून सिंगनगर बुडालं’ असं एका दमात कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही.

मग सरोवराचा संबंध कुठे येतो? टोलनाक्याची रांग आठवा. नाक्यावर फक्त पुढच्या चार गाड्या थांबलेल्या असतात. त्यांच्यामागे मात्र दोन किलोमीटरवरची गाडीही उभी राहते, आणि त्या गाडीवाल्याला नाका दिसतसुद्धा नाही. बुडमेरूच्या खालच्या टप्प्यातलं पाणी सरोवरात सावकाश शिरतं, म्हणून मधल्या टप्प्यातलं पुढे सरकत नाही, म्हणून शहरातलं उतरत नाही. रस्त्यात अडथळेही कमी नाहीत: रस्त्यांचे आणि रेल्वेचे भराव, अरुंद मोऱ्या, कालव्याखालचा तो भुयारी मार्ग, पात्रात घुसलेली बांधकामं. एकेका ठिकाणी थोडं थोडं पाणी अडतं आणि सगळ्याची बेरीज शहराच्या दारात येऊन थांबते.

पूर किती उंच चढेल, हे बरंचसं वर पडलेल्या पावसावर आणि शहरातल्या पात्राच्या रुंदीवर ठरतं. तो किती दिवस मुक्काम करेल, हे मुख्यतः खालच्या बाजूला ठरतं. घरातल्या गाद्या-धान्य उंचीमुळे भिजतं. रोगराई, बुडालेली मजुरी, पिण्याच्या पाण्याचे हाल, हे सगळं मुक्काम लांबल्यामुळे होतं. म्हणून मला मुक्कामाची गोष्ट इतकी महत्त्वाची वाटते.

कोल्लेरू: परातीसारखं सरोवर

कृष्णेचा त्रिभुज प्रदेश एका बाजूला, गोदावरीचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून आपापली जमीन उंच केली आणि मध्ये एक सखल खळगा उरला. तेच कोल्लेरू. नाशिकला आणि महाबळेश्वरला आपण ज्या नद्यांना हात जोडतो, त्यांच्या गाळांच्या मधल्या फटीत हे गोड्या पाण्याचं सरोवर वसलं आहे.

ते विहिरीसारखं खोल नाही, परातीसारखं पसरट आहे. बहुतेक ठिकाणी पाणी कमरेइतकं, फार तर डोक्याइतकं. त्यामुळे त्याचं क्षेत्रफळ एका आकड्यात सांगताच येत नाही. पाणी किती फुटांवर आहे हे विचारूनच ते सांगावं लागतं. तिथले लोक आणि सरकारी कागद दोन्ही समोच्च रेषांच्या भाषेत बोलतात. समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरच्या जागा जोडणारी रेषा. ५ फुटांच्या रेषेपर्यंतचं क्षेत्र सुमारे ३०८ चौरस किलोमीटर. १९९९ साली तेवढं अभयारण्य जाहीर झालं. १० फुटांच्या रेषेपर्यंत गेलं तर क्षेत्र ९०१ चौरस किलोमीटर होतं, आणि २००२ साली रामसर करारातलं, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं स्थान मिळालं ते या क्षेत्राला.

पाणी फक्त पाच फूट चढलं की सरोवर जवळजवळ तिप्पट पसरतं. या पाच फुटांत किती पाणी मावेल? ढोबळ हिशेब करू. सरासरी सहाशे चौरस किलोमीटर गुणिले दीड मीटर, म्हणजे नव्वद कोटी घनमीटर, बत्तीसेक टीएमसी. (टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे कोयनेच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी या सरोवराच्या वरच्या पाच फुटांत सामावू शकतं, तेही भिंत न बांधता आणि दरवाजे न बसवता. बुडमेरू, तम्मिलेरू आणि शेतांतून येणारे कितीतरी नाले एकाच रात्री आपलं सगळं पाणी आणून टाकतात. सरोवर ते पोटात घेतं आणि पुढे हळूहळू सोडतं.

अट एकच. परात मोकळी हवी.

मत्स्यतळ्यांनी नेमकं काय बिघडलं

गेल्या काही दशकांत कोल्लेरूच्या पोटात मासे आणि कोळंबी वाढवायची तळी बांधली गेली. तळं म्हटलं की पाणी साठवणारी गोष्ट डोळ्यांपुढे येते, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की सरोवरात तळी बांधली तर पाण्याचं काय बिघडलं? पाणीच तर आहे!

बिघडतं ते बांधामुळे. मत्स्यतळं म्हणजे चारही बाजूंनी उंच बांध घालून वेगळी केलेली जागा. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून पुराचं पाणी आत येऊ द्यायचंच नसतं. परातीत चार-सहा वाट्या ठेवा आणि वाट्या आधीच काठोकाठ भरून घ्या. आता परातीत तांब्याभर पाणी ओता. पूर्वी जे पाणी बोटभर चढलं असतं ते आता दोन बोटं चढेल. शिवाय वाट्यांच्या मधल्या बोळांतून वाट काढत ते पलीकडे जायला वेळ लागेल. सरोवरातली निम्मी जागा बांधांनी घेरली, तर उरलेल्या निम्म्या जागेत तेवढंच पाणी दुप्पट चढतं. याला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

मग सगळे बांध फोडून टाका ना

२००६ च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशांनंतर अभयारण्यातल्या तळ्यांचे बांध मोठ्या मोहिमेत फोडले गेले. पुढे तळी पुन्हा उभी राहिली, पुन्हा कारवाई झाली. अभयारण्याची सीमा ५ फुटांच्या रेषेवरून ३ फुटांवर आणावी, ही मागणीही जुनीच आहे.

या मागणीमागे केवळ लोभ आहे असं मी म्हणणार नाही. सरोवराच्या बेटांवर आणि काठांवर शेकडो वर्षांची गावं आहेत. काहींच्या नावावर खासगी जमिनी आहेत, पुष्कळांचं पोट मासेमारीवर चालतं. पारंपरिक जाळी टाकणारा कोळी आणि बाहेरून पैसा आणून शेकडो एकरांना बांध घालणारा गुंतवणूकदार यांना एकाच तागडीत तोलणं अन्यायाचं आहे. पहिल्याच्या जाळ्यामुळे पुराचं पाणी अडत नाही. दुसऱ्याच्या बांधामुळे अडतं. कायदा राबवताना हा फरक केला, तर निम्मं भांडण मिटेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण ३ फुटांच्या मागणीचा पाण्याच्या भाषेत अर्थ काय, तोही स्पष्ट बोलायला हवा: परातीचा काठ कापून ती बशी करायची.

बाहेर जायची एकच वाट

सरोवरात पाणी आणणारे नाले अनेक, पण बाहेर नेणारी वाट एकच, उप्पुटेरू. साठेक किलोमीटर वळणं घेत ती बंगालच्या उपसागराला मिळते. हिचा उतार तर बुडमेरूहूनही कमी. सरोवर समुद्रापेक्षा जेमतेम मीटर-दोन मीटर उंच, म्हणून भरती आली की उप्पुटेरूचं तोंड जवळजवळ बंद होतं. उन्हाळ्यात सरोवराची पातळी घसरली की समुद्राचं खारं पाणी तिच्यातून उलटं वर चढतं. नाव उगाच पडलेलं नाही.

आता अख्खी साखळी जोडून बघा. समुद्राची भरती उप्पुटेरूला थोपवते, उप्पुटेरू कोल्लेरूला, कोल्लेरू बुडमेरूच्या खालच्या टप्प्याला, आणि त्यामागची रांग शहरापर्यंत पोचते. भरती काही तासांत ओसरते. सरोवर रिकामं व्हायला मात्र कितीतरी दिवस लागतात.

नदी खोल करा, म्हणजे झालं!

प्रत्येक पुरानंतर येणारी ही सूचना. ऐकायला इतकी सरळ, की तिला विरोध करणारा आळशी वाटावा. गाळ काढणं, झुडपं-जलपर्णी हटवणं, अतिक्रमण काढून पात्र रुंद करणं यांनी नक्कीच फायदा होतो, विशेषतः शहरातल्या टप्प्यात.

पण मुखाजवळच्या टप्प्यात केवळ खोली वाढवून काही साधत नाही. मोरीच्या भोकात पाणी तुंबलेलं असताना फरशीला मोरीकडे जाणारी खाच पाडली तर काय होईल? खाच तुंबलेल्या पाण्याने भरून जाईल, इतकंच. नदीचा तळ सरोवराच्या पातळीखाली खणला, तर त्या खड्ड्यात सरोवराचंच पाणी येऊन बसतं. वरून येणारं पाणी त्या साचलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाशीच झुंजत राहतं. खणलेला भाग पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत गाळाने परत भरतो, तो भाग वेगळाच. इथे रुंदी हवी, मोकळे काठ हवेत.

उप्पुटेरू खणण्यात आणखी एक पेच आहे. ती खोल केली तर पावसाळ्यात पाणी लवकर बाहेर जाईल, आणि त्याच वाटेनं उन्हाळ्यात समुद्र जास्त आत येईल. म्हणून तिच्यावर दरवाजे बसवण्याच्या योजना मांडल्या जातात: पूर आला की उघडायचे, उन्हाळ्यात लावायचे. कल्पना योग्य आहे. दरवाजे वेळेवर उघडणारी माणसं तिथे असतील की नाही, यावर तिचं यश ठरेल.

पाणी कृष्णेत का वळवत नाहीत?

वळवलेलं आहेच! वेलगलेरूच्या दरवाजांपाशी बुडमेरूचं पाणी एका वळण कालव्यात घेऊन प्रकाशम बॅरेजच्या वरच्या बाजूला कृष्णेत सोडायची सोय आहे. शहर टाळून, सरोवर टाळून थेट मोठ्या नदीत. एरवी हा कालवा आपलं काम करतो.

यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. फुगवटा इथेही लागू होतो. कालव्याचं पाणी कृष्णेत पडायला कृष्णा खाली असावी लागते. २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच वेळी पूर आला. कृष्णा विक्रमी उंचीवर, बुडमेरू तुडुंब, आणि कालवा दोघींच्या कात्रीत. कालव्याच्या बांधाला तीन खिंडारं पडली. फुटलेलं पाणी जमिनीच्या मूळ उताराने निघालं, आणि तो उतार शहराकडे होता. शेवटचं खिंडार बुजवायला लष्कराला बोलवावं लागलं.

असाच खेळ अमेरिकेत शिकागोने एकदा खेळला आहे. शिकागो ही छोटी नदी मिशिगन या अवाढव्य सरोवराला मिळायची. शहराचं सांडपाणी तिच्यात, आणि शहराचं पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून. १९०० साली सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खणून त्यांनी नदीची दिशाच उलटी केली. नदी सरोवराकडे पाठ फिरवून मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वाहू लागली. तिथली माणसं आजही त्या कामाचा अभिमान बाळगतात. तरीही फार मोठा पाऊस झाला की शहर बुडू नये म्हणून सरोवराकडचे दरवाजे उघडावे लागतात आणि नदी काही तास आपल्या जुन्या दिशेने जाते. तिथे खाली सामावून घेणारं खोल सरोवर आहे, म्हणून शहर सुटतं. विजयवाड्याच्या खाली वाट्या ठेवलेली परात आहे.

एवढा पाऊस झाल्यावर कुणीही बुडालंच असतं

अंशतः खरं आहे. तो पाऊस असाधारण होता, आणि तापत्या समुद्रातून उठणारी बाष्पाची ओझी पाहता असे पाऊस दुर्मीळ राहतील असं मानून चालणं धोक्याचं आहे. पण बुडमेरूचं पाणी पूर्वीही पसरायचं. फरक एवढाच, की ते शेतांत, माळावर पसरायचं, आणि त्या जागी घरं नव्हती. शहर वाढलं तशी स्वस्त जमीन सखल भागात मिळाली, आणि हातावर पोट असलेली माणसं तिथे राहायला गेली. त्यांना पूररेषा कुणी दाखवली नव्हती. जिथे घर घेतलं तिथे पूर्वी नदी पाय पसरायची, हे त्यांना पाणी उंबऱ्यापाशी आल्यावर कळलं.

पावसाळ्यात कुठले आकडे पाहायचे

विजयवाड्यात तुमचं कुणी राहत असेल, तर प्रकाशम बॅरेजच्या आकड्यासोबत आणखी दोन गोष्टी विचारत जा. मैलवरमच्या बाजूला चोवीस तासांत पाऊस किती झाला, आणि कोल्लेरू कितव्या फुटावर आहे. पाऊस भरपूर पण कृष्णा उतरलेली असेल, तर वळण कालवा बराच भार घेईल. कृष्णाही चढलेली असेल, तर सगळी भिस्त सरोवरावर येते. सरोवर आधीच ५ फुटांच्या वर असेल, तर आलेलं पाणी बरेच दिवस हलणार नाही असं धरून चालायचं: किराणा, औषधं, कागदपत्रं वरच्या मजल्यावर, आणि म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशीच दुसरीकडे.